फक्त डाव्या डोळ्याला

ही घटना खरी आहे.

तारीख ९ मे १९७६, रविवार. वेळ दुपारी अडीच ते पावणेचार. जागा सोलापूर, साखर पेठ, माझ्या थोरल्या बहिणीच्या भाड्याच्या घरातली आतली खोली.

अशा गोष्टींना रात्र लागते म्हणतात. ही भर दुपारची आहे. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होतं.

मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. त्याच संध्याकाळी मी सगळं वहीत उतरवून ठेवलं. खाली लिहितोय ते त्या वहीवरून.

माझ्या बहिणीचं नाव यशोदा. मी तिला आक्का म्हणायचो. तिचे यजमान जोतीराम, म्हणजे माझे दाजी, एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. त्यांना फोटोंचा नाद होता. साधा नाद नव्हे. बदली होऊन निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून त्यांनी एक जुना कॅमेरा आणि प्रोजेक्टर घेतला होता. दोन्हींना दोन-दोन भिंगं.

हे यंत्र कसं चालतं ते आधी सांगायला हवं. पुढचं सगळं त्यावर आहे.

कॅमेऱ्याची दोन भिंगं माणसाच्या दोन डोळ्यांइतक्या अंतरावर असतात. एकदा बटण दाबलं की एकाच क्षणी दोन चित्रं निघतात, एक डावं, एक उजवं. प्रोजेक्टर ती दोन्ही पडद्यावर एकावर एक टाकतो. डोळ्यांवर पुठ्ठ्याचा खास चष्मा घालायचा. त्यातून डावं चित्र फक्त डाव्या डोळ्याला दिसतं आणि उजवं फक्त उजव्याला.

मग पडदा राहत नाही. पडद्याच्या जागी खरोखरची पोकळी दिसते. हात घालावा इतकी.

दाजी १६ नोव्हेंबर १९७५ ला गेले. तोही रविवार होता.

कुंभारी गावाच्या अलीकडं एका शेतात दगडी बांधणीची, पायऱ्या उतरून जायची जुनी बारव आहे. तिचे फोटो काढायला ते गेले होते. सोबत त्यांचे मित्र चनबसप्पा. चनबसप्पांचा फोटो स्टुडिओ होता आणि स्कूटरही त्यांचीच होती.

संध्याकाळी पाच वाजता शेतमालकीण दगडाबाई पाण्याला गेली. तिला दाजी पाण्यात दिसले.

वरून दुसऱ्या पायरीवर कॅमेरा नीट ठेवलेला होता, पट्टा गुंडाळून.

शेजारी चपला. जोडीनं, नीट.

गावात दोन दिवसांत बोललं जाऊ लागलं की माणसानं जीव दिला. चपला काढून कोण घसरतं? आक्काच्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण तिच्यापर्यंत पोचलं.

मी दगडाबाईला जाऊन भेटलो. ती म्हणाली, “खाली देवळीत साती आसरा हायत. त्यांच्या म्होरं चपला काढत्यातच की. तुमी न्हाय का काढत?”

साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवता. पण दाजी देवळातसुद्धा आक्कानं टोकल्याशिवाय चपला काढत नसत. हे मला ठाऊक होतं. आक्कालाही.

तिला एवढंच हवं होतं. आपला नवरा आपल्याला सोडून गेला, की पडला. बारा वर्षांचा संसार होता, एक पोरगी होती. ती म्हणायची, “पडले असतील तर मी रडीन आणि गप बसीन. गेले असतील तर मला माझं काय चुकलं ते शोधावं लागंल.”

तिसरी शक्यताही होती. आक्का ती बोलत नव्हती, पण चनबसप्पा दारात आले की आत निघून जायची.

चनबसप्पांचं म्हणणं असं. स्कूटर पंक्चर झाली म्हणून ते दाजींना बारवेवर सोडून अक्कलकोट रस्त्याला गेले. साडेचारला परत आले. दाजी दिसले नाहीत. वाटलं, चालत पुढं गेले असतील. म्हणून ते सोलापूरला निघून आले.

मी पंक्चरवाल्याला शोधून काढलं. त्याला तो दिवस आठवत होता. तीनला आले, साडेतीनला गेले. तिथून बारव स्कूटरवर पाच मिनिटं.

दाजींचं घड्याळ तीन पन्नासला बंद पडलं होतं.

साडेतीन ते साडेचार. हा एक तास चनबसप्पांनी मला कधीच दिला नाही. विचारलं की कन्नडमध्ये धाकट्या भावाला हाक मारतात तसं म्हणायचे, “चहाला थांबलो होतो हो तम्मा.” कुठं, ते आठवत नव्हतं.

कॅमेऱ्यातली फिल्म मुंबईहून धुऊन जानेवारीत आली. एकोणीस जोड्या होत्या. शेवटची जोडी बारवेची. दाजींनी वरच्या पायऱ्यांवर उभं राहून खाली बघत काढलेली.

ती पहिल्यांदा लावली तेव्हा दहाएक पायऱ्या दिसल्या. पुढं अंधार.

आणि त्या अंधारात उजव्या कमानीशी काहीतरी फिकट...

आक्का म्हणाली, “कोणीतरी उभं आहे.”

चनबसप्पा म्हणाले, “दगडाला ओल आहे. दुसरं काय?”

यंत्राचे मूळचे दिवे केव्हाच गेले होते. तसले इथं मिळत नव्हते, म्हणून दाजींनी बाजारातले लहान दिवे बसवले होते. उजेड कंदिलाइतका. फिल्म खिडकीशी धरून पाहिली, भिंगाखाली धरून पाहिली. अंधार तो अंधारच राहिला. मागून जोराचा उजेड हवा होता.

मी म्हणालो, दिवे बदलू.

यंत्राची माहिती असलेला माणूस गावात एकच होता. चनबसप्पा.

ते चार महिने टाळत राहिले. आधी म्हणाले, हॅलोजनचा दिवा सोलापुरात मिळत नाही. मी मुंबईहून चोवीस व्होल्टचे, दीडशे वॅटचे दोन दिवे आणले. मग म्हणाले, ट्रान्सफॉर्मर लागेल. यंत्रमागांच्या मोटारींत तार भरणाऱ्या ईरप्पाकडून तो भरून घेतला. मग म्हणाले, डबा तापेल, फिल्म जळेल. ईरप्पानंच एक लहान पंखा बसवून दिला.

“तरी जळंल,” चनबसप्पा म्हणाले. “सलग दोन मिनिटांवर मी जबाबदार नाही.”

मी वहीत लिहिलं होतं: हा माणूस फिल्मला जपतोय की स्वतःला?

त्या रविवारी ते आले. आक्कानं खिडक्यांना चादरी ठोकल्या होत्या. दाजींनी अॅल्युमिनियमचा रंग मारलेला प्लायवूडचा पडदा भिंतीला टेकवला होता. साध्या कापडावर हे चित्र उमटत नाही, दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसून सगळं पुसट होतं.

चनबसप्पांनी नवे दिवे रुमालात धरून बसवले. बोटाचा घाम काचेला लागला की हा दिवा फुटतो म्हणे. एकेक दिवा त्यांनी दोनदा काढून पुन्हा बसवला. मी ते पाहत होतो. त्यांनाही ते माहीत होतं.

शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. त्यांचे दोन माग रविवारीही चालत. खटखट, खटखट. त्या पेठेत तो आवाज कानाला कधी जाणवायचाच नाही.

अडीचला चनबसप्पांनी बटण दाबलं.

मी चष्मा घातला.

भिंत गेली... आणि खोलीत बारव उघडली.

उजेड इतका होता की शेवटची पायरीसुद्धा मोजता आली. एकवीस पायऱ्या. खाली हिरवं पाणी. देवळीत शेंदूर फासलेले सात दगड. उजव्या कमानीशी फिकट दिसत होतं ते...

ओल होती. दगडावरची ओल, बाकी काही नाही.

चनबसप्पांनी मोठा श्वास सोडला. मला ऐकू आला.

मी बटणाकडं हात नेला.

“थांब,” आक्का म्हणाली. “पाचव्या पायरीवर कोण आहे?”

मी पाहिलं. कोणी नव्हतं.

मग मी मान थोडी वळवली आणि...

पाचव्या पायरीवर एक माणूस बसला होता. आपल्याकडं पाठ करून. पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला. केस ओले.

तो एका क्षणापूर्वी तिथं नव्हता, असं मी लिहिणार नाही. मला दिसला नव्हता, एवढंच लिहितो.

आक्का पुटपुटली, “कॉलर बघ. झिजली म्हणून मी उलटून शिवली होती. दोरा निळा पडलाय. पांढरा संपला होता.”

मला निळा दोरा दिसत होता.

मी विचार करायचा प्रयत्न केला. हा फोटो दाजींनी काढलेला. कॅमेरा त्यांच्या हातात. मग दाजी फोटोत कसे?

चनबसप्पांची एक सवय होती. चित्र नीट बसलं का ते तपासायला ते एक डोळा मिटत, मग दुसरा. सवयीनं त्यांनी तेच केलं. मग पुन्हा केलं.

“डाव्याला आहे,” ते हळू म्हणाले. “उजव्याला नाही.”

मीही डोळे आलटूनपालटून मिटले. डावा मिटला... पायरी रिकामी. उजवा मिटला... माणूस बसलेला.

हे होऊ शकत नाही. दोन्ही चित्रं एकाच क्षणाची असतात. एका डोळ्यापुढं माणूस आणि दुसऱ्यापुढं नाही, असा क्षण नसतो.

आणि तेव्हा मला खात्री वाटली की ही चनबसप्पांची करामत आहे. स्टुडिओवाला माणूस. मेलेल्या आजोबांना नातवाच्या मुंजीच्या फोटोत बसवून देणारा. चार महिने टाळलं ते यासाठीच. डाव्या फिल्मवर दाजींचा जुना फोटो चढवायला वेळ हवा होता. एकटे बसलेले, उदास. म्हणजे जीव दिला असं आक्काला पटावं.

मी तोंडावर तसं म्हणालो.

ते रागावले नाहीत. म्हणाले, “चष्मा उलटा धरा. नाकाची खाच वर.”

तसं केलं की चष्म्याची बाजू बदलते. डावं चित्र उजव्या डोळ्याला जातं. खोट डाव्या फिल्ममध्ये असेल तर माणूस आता उजव्या डोळ्याला दिसायला हवा.

मी चष्मा उलटा केला. बारव विचित्र झाली. जवळचं लांब गेलं, लांबचं जवळ आलं.

तो माणूस मात्र जिथं होता तिथंच होता. डाव्या डोळ्यालाच.

त्यांनी दिवे बंद केले. चादर बाजूला करून आम्ही यंत्र निवू दिलं. मी आक्काकडं न बघता चनबसप्पांना सांगितलं की फिल्मच्या दोन्ही चौकटी काढून डावी उजवीकडं आणि उजवी डावीकडं लावायची. माझ्यासमोर. दिवेही अदलाबदल करायचे. त्यांनी निमूट केलं. मी दोन्ही तुकडे भिंगाखाली पाहिले. पाचवी पायरी दोन्हींत रिकामी होती.

हे करायला पाऊण तास लागला. सव्वातीन झाले होते.

पुन्हा अंधार. पुन्हा बटण.

बारव उघडली.

आणि मला पहिल्यांदा जाणवलं की काहीतरी नाही... काय नाही ते कळायला थोडा वेळ लागला.

मागांची खटखट नव्हती.

पंख्याची घरघरही नव्हती. पंखा फिरताना मला दिसत होता.

दोन दिवे, बंद खोली, मे महिना. आणि माझ्या पायांना गारवा लागत होता. शेवाळाचा वास येत होता.

तो बसला होता. डाव्या डोळ्यालाच.

फिल्म बदलून फरक पडला नव्हता. दिवे बदलून नाही, चष्मा बदलून नाही. मी हिशेब केला. जे चित्रात असतं ते चित्राबरोबर जागा बदलतं. दिव्यात असतं ते दिव्याबरोबर.

हे यांपैकी कशातच नव्हतं.

उरली होती ती खोली.

मी चष्मा काढला. बारव पुसट झाली, दुहेरी झाली.

तो झाला नाही.

तो स्वच्छ होता. पडद्याच्या पुढं होता. माझ्यापासून सहा-सात फुटांवर.

मी आक्काचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. ती पुढं सरकून बसली. नवरा कचेरीतून आल्यावर बोलावं तशा आवाजात तिनं विचारलं,

“अहो... तुमी गेला का पडला?”

यंत्रातून बारीक तडतड ऐकू आली. फिल्म तापत होती. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. चनबसप्पा बटणाशी उभे होते, पण त्यांनी ते दाबलं नाही.

त्यांनी हाक मारली.

“जोतीराम.”

आता मी जे लिहितोय ते मला आयुष्यभर पुरलं आहे.

त्या क्षणी माझा डावा डोळा मिटलेला होता.

मी तपासत होतो. चष्म्याशिवाय तरी तो उजव्या डोळ्याला दिसतो का, ते. मला रिकाम्या पायऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्या मधोमध एक तपकिरी डाग. डाग वाढला, फुगला, पायऱ्या वाकल्या. मी डावा डोळा उघडला तेव्हा पडद्यावर नुसता पांढरा उजेड होता.

फिल्म जळून गेली होती. दोन्ही तुकडे.

खोलीत कोणी नव्हतं. खटखट, खटखट ऐकू येत होती.

चनबसप्पा पायांत चपला न घालता निघून गेले. आक्का तिथंच बसून होती. तिच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत न पाहिलेली शांतता होती.

“नाही म्हणाले,” ती म्हणाली. “मी 'गेला का' विचारलं, तर मान हलवली. नाही म्हणून. पडले रे ते.”

मग ती रडली. बराच वेळ.

संध्याकाळी मी शेजारी चौकशी केली. सव्वातीन ते पावणेचार माग मध्ये थांबले होते का? त्यांच्या घरातल्या बाईनं सांगितलं, सकाळपासून एक मिनिटही थांबले नव्हते.

चनबसप्पा जून महिन्यात माझ्याकडं आले. भर कामाच्या वेळी, कचेरीत. स्टुडिओ विकला होता. गुलबर्ग्याला भावाकडं निघाले होते. दाढी वाढलेली होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी विचारलं, आक्का म्हणते त्यांनी मान हलवली. तुम्ही काय पाहिलंत?

ते म्हणाले, “मान हलवली नाही हो. वळून बघितलं. मागं. माझ्याकडं.”

मग माझ्या टेबलावरचे कागद उचलून नीट रचायला लागले.

“मी हाक मारायला नको होती, तम्मा.”

मी विचारलं, “कधी? त्या दिवशी खोलीत... की बारवेवर?”

ते वळून जिना उतरले. मी मागोमाग गेलो. रस्त्यावर पोचेपर्यंत ते गर्दीत गेले होते. पुढं चार-पाच वर्षांनी गुलबर्ग्याहून एक कार्ड आलं, मजकूर मृत्यूचा. तारीख आणि नाव. बाकी काही नव्हतं.

मी त्या एका तासाची बातमी कधीच लिहिली नाही. लिहायला काय होतं? शेवाळलेल्या पायरीवर बसलेला एक माणूस. कदाचित कॅमेरा बाजूला ठेवून, पायांना गार दगड लागावा म्हणून चपला काढून बसलेला. मागून कोणी अचानक हाक मारली असेल. तो दचकून वळला असेल. हाक मारणारा घाबरून पळाला असेल.

किंवा यातलं काहीच झालं नसेल.

किंवा नुसती हाक नसेल.

आक्का १९९८ साली गेली. त्याआधी बावीस वर्षं ती बरी जगली. पोरीचं लग्न केलं, नातवंडं पाहिली. दाजींचा विषय निघाला की हसून बोलायची, त्यांच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी सांगायची. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं मला जवळ बोलावलं.

“तू पण बघितलंस ना, मान हलवलेली?”

मी म्हणालो, “हो.”

तिनं डोळे मिटले. मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. मी बरोबर केलं की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. आता तर ती त्यांना स्वतःच विचारू शकते. मी काही पाहिलंच नव्हतं, हेही तिला तिथं कळलं असेल.

आता माझं वय झालंय. संध्याकाळी तलावाकडं फिरायला जातो. तिथं पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात, पाण्याकडं तोंड करून. कधी ओळखीचंही कोणी असतं.

मी हाक मारत नाही. लांबून वळसा घालतो, खालच्या पायरीवर उतरतो, आणि तो समोरून मला बघेपर्यंत थांबतो.

परवा एक जण असाच बसला होता. पांढरा शर्ट.

मी वळसा घालून पुढं गेलो...

आणि मग आधी उजवा डोळा मिटला, मग डावा.

तो दोन्ही डोळ्यांना दिसला, तेव्हा कुठं मी त्याला नमस्कार केला.